तारा उंच, बोटं बेजार: ॲकॉस्टिक गिटारची ॲक्शन घरच्या घरी कशी लावावी

नव्याने गिटार शिकणारे बरेच जण एफ कॉर्डपाशी अडतात. पहिलं बोट सहाही तारांवर आडवं टाकायचं, बाकीची तीन आपापल्या जागी बसवायची, आणि वाजवून बघावं तर निम्म्या तारा मुक्या. क्लासमध्ये सांगतात, ‘सराव करा, बोटं तयार होतील.’ ते खरंच आहे. पण स्वस्तातल्या कित्येक गिटारवर तारा मुळातच इतक्या उंच असतात की मुरलेल्या वादकालाही तिथे एफ धड लागत नाही. दोष बोटांचा की गिटारचा, हे आधी मोजून बघावं. त्याला पाच-दहा मिनिटं लागतात आणि गिटारला पाना लावायची गरजही पडत नाही.

इथलं सगळं स्टीलच्या तारांच्या गिटारबद्दल आहे. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारला हे आकडे लावू नका. तिच्या तारा सैल असतात, जास्त हलतात, त्यामुळे तिथे ३ ते ४ मिलिमीटर उंची नेहमीचीच.

ॲक्शन म्हणजे फ्रेटबोर्डपासून तारांची उंची. फ्रेटबोर्ड ही बोटं दाबायची लांब पट्टी, आणि तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. उंची मोजतात बाराव्या फ्रेटवर: फ्रेटच्या धातूच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. लाकडापासून नव्हे. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेखाली साधारण २.४ ते २.५ मिलिमीटर आणि पहिल्या, सगळ्यात बारीक तारेखाली १.८ ते २ मिलिमीटर असेल तर बहुतेकांच्या हाताला ती गिटार मानवते. पिकने जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला यापेक्षा थोडी जास्त उंची लागते, नाहीतर तारा फ्रेटवर आपटून खरखरतात. हलक्या बोटाने फिंगरस्टाइल वाजवणाऱ्याला आणखी खाली जाता येतं. म्हणजे दुसऱ्याच्या गिटारचा आकडा तुमच्या कामाचा असेलच असं नाही. सहाव्या तारेखाली ३ मिलिमीटरच्या वर काही निघालं, तर मात्र बोटांना दोष देणं थांबवा.

ही उंची तीन ठिकाणी ठरते: डोक्याकडच्या नटच्या (तारा ज्यातून जातात त्या आडव्या पट्टीच्या) खाचा, नेकचा म्हणजे गिटारच्या मानेचा किंचित बाक, आणि बॉडीवरच्या ब्रिजमध्ये बसवलेलं सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिन्ही एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी नेक, मग नट, सगळ्यात शेवटी सॅडल. उलट क्रमाने गेलात तर सॅडल घासून झाल्यावर कळतं की बाक तर ट्रस रॉडनेच (नेकच्या आतल्या दांड्यानेच) निघणार होता. रॉड मागे फिरवता येतो, घासलेलं सॅडल परत वाढत नाही.

काय काय लागेल

अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी. ती अगदी टोकापासून शून्य सुरू होणारी हवी. प्लास्टिकच्या पट्टीला आधी थोडी मोकळी जागा असते, ती चालणार नाही. कापो (तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), ट्यूनर (मोबाइलवरचा चालतो), तुमच्या ट्रस रॉडच्या मापाची ॲलन की (बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटर), आणि १५०, २२० व ४०० नंबरचे पॉलिश पेपर. घासायला एकदम सपाट जागा हवी: जाड काच किंवा स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा, घरच्यांची परवानगी असेल तर. फीलर गेज मिळालं तर उत्तम. मोटारसायकलचे टॅपेट लावायला मेकॅनिक वापरतात तेच ते, ऑटो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. नसेल तर झेरॉक्सचा कागद आहेच; एका कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर भरते.

हात लावण्याआधी

तारा जुन्या, काळ्या पडलेल्या असतील तर बदला, आणि ज्या जाडीच्या तारा पुढेही वापरणार आहात त्याच लावा. ॲकॉस्टिकच्या १२-५३ च्या सेटचा (हे आकडे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) सगळ्या तारा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास जातो. १०-४७ चा सेट लावला की तो बराच उतरतो, नेकचा बाक कमी होतो आणि बोटांनाही हलकं वाटतं. कित्येकदा तेवढ्यानेच भागतं. आवाज किंचित पातळ होतो, पण शिकण्याच्या पहिल्या वर्षात त्याचं दुःख करू नये. गायकाच्या काळी-पांढरी पट्टीसाठी तुम्ही गिटार कायम अर्धा स्वर उतरवूनच लावत असाल, तर मापंही त्याच ट्यूनिंगमध्ये घ्या. सैल तारांवरचा आकडा वेगळा येतो.

मग तीन गोष्टी तपासा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. आत शिरला तर ब्रिज उचकटतो आहे. ब्रिजच्या मागे गिटारचं पोट फुगलंय का, आडवी पट्टी ठेवून बघा. थोडा फुगवटा सगळ्याच गिटारना असतो, डोळ्यांत भरण्याइतका नको. आणि एक लांब सरळ पट्टी फ्रेटच्या माथ्यांवर ठेवून ब्रिजपर्यंत न्या. ती ब्रिजच्या लाकडाच्या माथ्यावर किंवा केसभर वर यायला हवी. ब्रिजच्या अंगाला खाली कुठेतरी धडकली, तर नेकचा कोन बिघडला आहे. या तिन्हींपैकी काही निघालं तर इथेच थांबा आणि गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. अशा गिटारवर सॅडल घासणं म्हणजे दुखणं सोडून भलत्याच जागी औषध.

सगळं ठीक असेल तर गिटार ट्यून करा, वाजवताना धरता तशी मांडीवर धरा, आणि बाराव्या फ्रेटवरची दोन्ही मापं घेऊन कागदावर लिहा. गिटार पाठीवर आडवी ठेवून मोजलं तर नेकच्या वजनाने माप किंचित बदलतं. कापो लावलेला नको.

पहिलं काम: नेकचा बाक

नेक अगदी सरळसोट नसावी. तार हलते तेव्हा मध्यभागी सगळ्यात जास्त फाकते, म्हणून नेकला पुढच्या बाजूने अगदी थोडा खोलगटपणा लागतो. पहिल्या फ्रेटवर कापो लावा, सहावी तार चौदाव्या फ्रेटवर (नेक जिथे बॉडीला मिळते तिथे) दाबून धरा. आता तार स्वतःच सरळ पट्टीचं काम करते. सातव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यातली फट बघा. ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर हवी, म्हणजे झेरॉक्सचे दोन कागद तारेला न उचलता जेमतेम सरकतील इतकी. चार कागद आरामात गेले तर बाक जास्त आहे. तार फ्रेटला टेकूनच बसली असेल तर नेक सपाट किंवा उलटी वाकलेली आहे, आणि तुम्हाला पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर ऐकू येत असेल.

हे सुधारायला ट्रस रॉड. नेकच्या आत बसवलेला हा लोखंडी दांडा. त्याचा फिरवायचा नट (तारांखालचा नट वेगळा) कधी साउंडहोलमधून आत, फ्रेटबोर्डच्या टोकाशी दिसतो, कधी डोक्यावरच्या छोट्या झाकणाखाली असतो. रॉडच्या या नटकडे तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो आणि बाक कमी होतो. उलट फिरवलं की वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. आवळण्याआधी तारा थोड्या सैल करा, फिरवा, पुन्हा ट्यून करा, पुन्हा मोजा. लाकूड सावकाश वळतं, त्यामुळे शेवटचं माप दुसऱ्या दिवशी घेतलेलं बरं. ॲलन की पूर्ण आत बसलीय याची खात्री करूनच जोर द्या. तोंडाशी अडकवून फिरवलीत तर नटचे कोपरे गोल होतात आणि मग ते काम फार महागात पडतं. फिरता फिरत नसेल, आतून करकर आवाज येत असेल, तर सोडून द्या.

ट्रस रॉड ॲक्शन कमी करण्यासाठी नसतो. ‘रॉड आवळ, तारा खाली येतील’ असा सल्ला सर्रास मिळतो, आणि तारा थोड्या खाली येतातही, पण त्या नेक बिघडवून. रॉडने फक्त बाक ठरवायचा. बाक बरोबर आला की रॉडला विसरून जायचं.

तुमच्या गिटारमध्ये फिरवता येणारा रॉड सापडलाच नाही तर घाबरू नका. गिब्सनने हे तंत्र १९२० च्या दशकात आणलं, तरी मार्टिनसारख्या नामवंत कंपनीच्या गिटारमध्ये तो १९८५ पर्यंत नव्हता. अशा नेकवर बाक थोडा जास्त असेल तर हलक्या तारा हाच सोपा उपाय.

दुसरं काम: नट

एक साधी परीक्षा घ्या. पहिल्या फ्रेटवर कापो लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर आडवं बोट टाकून एफचाच आकार धरा. जे कॉर्ड लागत नव्हतं ते एकदम सोपं झालं का? झालं असेल तर गुन्हेगार नट आहे. कापोने नटला खेळातून बाहेर काढलं, एवढंच घडलं.

नीट बघायचं तर प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने टिचकी द्या. तार आणि फ्रेट यांच्यात फट दिसेल न दिसेल इतकीच हवी. टिचकी मारल्यावर बारीकसा ‘टिक’ आला पाहिजे. जाड तारांना किंचित जास्त चालते. फट मोठी असेल तर पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवरचे स्वर चढे लागतात, कारण तार खाली दाबताना ती ताणली जाते. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर आणि सी कॉर्ड मात्र बेसूर, ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

नटच्या खाचा खोल करायला तारेच्या जाडीच्याच खास कानशी लागतात. माझं मत विचाराल तर नवख्याने हे काम दुकानात करून घ्यावं. अनुभवी कारागिराला वेळ लागत नाही, आणि एका खाचेत दोन घासण्या जास्त झाल्या की ती मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणायला लागते. तसं झालंच तर खाचेत खाण्याचा सोडा भरून त्यावर फेविक्विकचा थेंब सोडतात आणि वाळल्यावर नव्याने खाच पाडतात. तात्पुरता का होईना, तो उपाय बरा टिकतो.

तिसरं काम: सॅडल

बाक जागेवर आला, नट ठीक आहे, तरी बाराव्या फ्रेटवर तारा उंचच आहेत? आता सॅडलची पाळी.

बारावा फ्रेट नट आणि सॅडलच्या बरोबर मध्यावर असतो. म्हणून बाराव्यावर जितकं कमी करायचं, सॅडलमधून त्याच्या दुप्पट काढावं लागतं. समजा सहाव्या तारेखाली ३.२ मिलिमीटर आहे आणि २.५ हवं, फरक ०.७, म्हणजे सॅडलच्या जाड तारेकडच्या टोकाकडून १.४ मिलिमीटर काढायचं. पहिल्या तारेखाली २.४ आहे आणि १.९ हवं, फरक ०.५, तर त्या टोकाकडून १ मिलिमीटर. दोन्ही टोकांवर बुडापासून मोजून खुणा करा आणि बारीक पेन्सिलीने त्या जोडा. ही तुमची मर्यादेची रेघ.

घासण्याआधी आणखी एक माप: सॅडल ब्रिजच्या लाकडावर किती वर आलंय? काढल्यानंतर निदान २ मिलिमीटर शिल्लक राहायला हवं. तारा सॅडलवरून ब्रिज पिनकडे (तारांची टोकं ब्रिजमध्ये अडकवणाऱ्या मेखांकडे) वळतात तो कोन पुरेसा तीव्र नसेल तर सॅडलवर दाब पडत नाही आणि आवाज मलूल होतो. सॅडल आधीच बुटकं आहे आणि तारा तरीही उंच आहेत, असं असेल तर मूळ दुखणं नेकच्या कोनात आहे.

तारा सैल करा. फ्रेटबोर्डवर कापो लावून ठेवला तर खुंट्यांवरचे वेढे सुटत नाहीत आणि फक्त ब्रिजकडची टोकं काढता येतात. पिन निघत नसेल तर पक्कड लावू नका; साउंडहोलमधून हात घालून आतून नाण्याने वर ढकला. सॅडल बोटांनी, नाहीतर पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून सरळ वर ओढा. बाहेर येताच त्याच्या जाड तारेकडच्या टोकावर खूण करा. दुसऱ्या तारेजवळ बहुधा एक पायरी किंवा वेगळा उतार असतो, त्यामुळे सॅडल उलटं बसवून चालत नाही. डिंकाने पक्कं चिकटवलेलं असेल तर झटापट करू नका.

घासायचं ते बुडाकडून. माथ्याला हात लावू नका. तंबोऱ्याची जवारी काढतात तेव्हा नेमकं उलटं करतात: घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता ठेवून तार तिच्या अंगावर घासत झणकारेल असं बघतात. मिरजेच्या कारागिरांची ती खासियत, आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गिटारमध्ये तो झणकार नको असतो. तार सॅडलच्या एकाच निमुळत्या धारेवरून सुटायला हवी. माथा घासून सपाट केलात तर मोकळी तार सतारीसारखी वाजू लागेल, आणि दोष फ्रेटमध्ये शोधत बसाल.

१५० चा पॉलिश पेपर चिकटपट्टीने काचेवर किंवा ओट्यावर ताणून बसवा. सॅडल उभं, काटकोनात धरा. हाताला भरवसा वाटत नसेल तर बाजूला लाकडाचा चौकोनी ठोकळा टेकवा. हलका दाब, सारखे झटके, दर पाच-सहा झटक्यांनी थांबून रेघ बघा. प्लास्टिकचं सॅडल भराभर झिजतं. हाडाचं सावकाश, आणि घासताना वासही येतो. त्याची पूड नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा. रेघेच्या ०.२ मिलिमीटर आधी थांबून २२० वर जा, शेवटी ४०० वर दोन हात. मग बुडाला स्टीलची पट्टी लावून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसता कामा नये. सॅडलखाली पिकअप (तारांचा आवाज टिपून एम्प्लिफायरकडे पाठवणारी पट्टी) असलेल्या इलेक्ट्रो-ॲकॉस्टिक गिटारमध्ये तर हे फारच जपा; बूड वाकडं राहिलं की एम्प्लिफायरवर एक तार ओरडते आणि शेजारची कुजबुजते.

सॅडल खाचेत बोटाच्या दाबाने बसायला हवं, ठोकायला लागू नये आणि डुगडुगूही नये. तारा चढवा, ट्यून करा, पुन्हा मोजा. आकडा अजून थोडा जास्त असेल तर आनंदाने पुन्हा काढा. जास्त उतरलं असेल तर सॅडलखाली व्हिजिटिंग कार्डाची पट्टी घालून काम चालतं, पण ते नवं सॅडल येईपर्यंतच. कागदाच्या थरात आवाज थोडा मुरतो.

खरखर कुठे येते, तिथे कारण

सगळं करूनही खरखर राहिली तर जागा शोधा. फक्त मोकळी तार झणझणते आणि कुठेही दाबली की स्वच्छ वाजते: नटची खाच खोल किंवा सपाट. पहिल्या चार-पाच फ्रेटवर: बाक कमी, रॉड पाव फेरा सैल करा. वरच्या फ्रेटवर सगळीकडे: सॅडल फार उतरलं. एकाच ठिकाणी, म्हणजे पाचव्यावर दाबलं की खरखर पण चौथ्यावर आणि सहाव्यावर नाही: पुढचा, सहावा फ्रेट बहुधा उचकटून वर आलाय. एटीएम कार्डाची सरळ कड लागोपाठच्या तीन फ्रेटवर ठेवून हलवा. खालच्या फ्रेटवर लांब कड, वरच्यांवर आखूड. डुलली तर मधला फ्रेट उंच. त्यावर घरी हातोडी चालवू नये.

आणि हे सगळं कधी करावं? पावसाळ्यात सॅडल घासू नका. मुंबई, कोकण, गोव्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, गिटारचं लाकूड पाणी पितं, पुढची फळी फुगते, तिच्याबरोबर ब्रिज वर येतो आणि तारा उंच होतात. त्या मापावर घासलेलं सॅडल दिवाळीनंतर हवा सुकली की बुटकं ठरतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये उलटं: फळी आक्रसून खाली बसते, तारा खाली येतात, आणि फ्रेटबोर्ड सुकल्यामुळे फ्रेटची टोकं कडेला बोटांना टोचायला लागतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. केसमध्ये छोटा हायग्रोमीटर टाका. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या, कडक उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत पिळून घेतलेला ओला स्पंज. एसीच्या खोलीत गिटार भिंतीला टांगून ठेवत असाल तर भर पावसाळ्यातही ती सुकू शकते, म्हणून अंदाज न बांधता हायग्रोमीटरकडे बघा.

आमच्याकडे ऋतूंचा हा खेळ मोठा असल्यामुळे दोन सॅडल ठेवणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. जुनं न घासता तसंच ठेवायचं, नवं विकत आणून तेच घासायचं. हाडाचं कोरं सॅडल गिटारच्या दुकानात मिळतं. जुनं सोबत न्या, म्हणजे लांबी आणि जाडी तिथेच ताडून बघता येते. पावसाळ्यात उतरवलेलं, कोरड्या दिवसांत उंच. दोन्हींच्या बुडाशी पेन्सिलीने बाराव्या फ्रेटवरचं माप आणि महिना लिहून ठेवा.